दुसऱ्या रकान्यातली सही

सिस्टरने फॉर्म उजेडाकडे धरून पाहिला. आधी सरळ, मग तिरपा. मी हिरवा गाऊन घालून बेडच्या कडेला बसले होते. त्या गाऊनच्या नाड्या पाठीवर बांधायच्या असतात. माझा उजवा हात पाठीमागे जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने गाऊनची दोन टोकं मुठीत धरून ठेवली होती.

"सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग सोबतच्या व्यक्तीच्या रकान्यात ही सही कोणाची?"

"माझी."

"आणि वर पेशंटची?"

"तीपण माझीच. वरची निळ्या शाईत आहे, खालची काळ्या."

सिस्टरने माझ्याकडे असं पाहिलं, की दुखणं मानेत आहे की त्याच्याही वर, हे तिला ठरवायचं असावं. "शाई बदलली की माणूस बदलतो होय?" असं म्हणत ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

मला फसवायचं नव्हतं. दोन रकाने दिसले आणि हाताने सवयीने दोन्ही भरले, इतकंच. पण हे डॉक्टरांना सांगायचं तर माझं काम सांगावं लागलं असतं आणि त्यांना वेळ नव्हता. ते दारातच उभे राहून बोलले.

"मानेतल्या नसेजवळ सुई घालणार आहोत आपण. नंतर काही तास हात लुळा पडल्यासारखा वाटू शकतो, चक्कर येऊ शकते. एकटीला मी रस्त्यावर सोडणार नाही. घरी नेणारं आणि संध्याकाळपर्यंत जवळ बसणारं माणूस आणा. कोणीही चालेल. फक्त ते तुम्ही स्वतः नसावं."

पुढची तारीख गुरुवारची मिळाली. मी गाऊन उतरवला, घडी करून ठेवला आणि पायऱ्या उतरून घरी आले.

मी वजनं तपासते. म्हणजे कारखाने आणि औषधांच्या कंपन्या ज्या वजनांवर आपले तराजू पारखतात, ती वजनं बरोबर आहेत का हे पाहते. तळघरात एक खोली आहे. तिथे काचेच्या पेटीत तराजू आणि काचेच्या झाकणांखाली चकचकीत पोलादी वजनं. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं. बोटाचा ठसासुद्धा वजनात धरला जातो. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. म्हणून कोणी जवळ आलं की पेटीतली हवा हलते आणि हवेबरोबर शेवटचा आकडा. तराजूपाशी जितकी कमी माणसं तितकं वाचन चांगलं.

तरी नियमाने तिथे दोघं लागतात. नोंदवहीत प्रत्येक आकड्यापुढे दोन रकाने आहेत: वाचणारा आणि पडताळणारा. पहिला आकडा वाचून लिहितो, दुसरा स्वतःच्या डोळ्यांनी तो पाहून सही करतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाचायच्या माझ्या वरिष्ठ, मोठ्या बाई, आणि पडताळायचे मी. त्या नोकरी सोडून गेल्यावर साहेब म्हणाले, "नवीन माणूस मिळेपर्यंत दोन्ही तूच कर." नवीन माणूस मिळालं नाही. निदान पान बघताना फरक कळावा म्हणून मी एक सही निळ्या आणि एक काळ्या पेनाने करू लागले.

मान आधीपासूनच कुरकुरत होती. आकडा दिसतो ती तराजूची खिडकी बुटकी आहे. दिवसाचे आठ तास मान खाली घालून बसावं लागतं. मग दुखणं खांद्यात उतरलं, तिथून दंडात, आणि एके दिवशी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सुन्न झालं. चिमट्यातून वीस ग्रॅमचं वजन सुटून फरशीवर पडलं. पडलेलं वजन मग वजन राहत नाही, नुसता पोलादाचा तुकडा होतो. मी वरती जाऊन साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "महिनाभर रजा घे. हात ठीक झाला तर तराजू तुझाच. नाहीतर वरच्या मजल्यावर फायलींचं टेबल रिकामं आहे." त्या महिन्यातले दहा दिवस संपले होते.

घरी येऊन दादाला फोन लावला. तो खूप लांब असतो. त्याची सकाळ माझ्या संध्याकाळी होते.

"अगं, मग तारीख पुढे ढकल ना. मी तीन महिन्यांनी येतोच आहे."

"तीन महिने बोटं थांबणार नाहीत, दादा."

"शेजारी कोणी नाही का?"

"आहेत. त्यांच्या दारावर लिहिलंय, कृपया बेल वाजवू नये."

"आणि तुझ्या दारावर?"

"माझ्याकडे बेलच नाही."

तो हसला, मीही हसले. मग त्याच्याकडे बाळ रडायला लागलं आणि तो म्हणाला, "कळव हं मला, काय होतंय ते." मी हो म्हटलं.

साहेबांना सांगितलं असतं तर ते आलेही असते. पण साहेबांना पाठीवरच्या नाड्या बांधायला कसं सांगणार? कॉलेजातल्या दोन मैत्रिणींचे नंबर होते. एकीशी शेवटचं बोलणं तिच्या लग्नात झालं होतं, दुसरीशी त्याच्याही आधी. मग उरल्या मोठ्या बाई, आणि त्यांना फोन करण्याचा मला काही अधिकार नव्हता.

कारण त्या माझ्यामुळे गेल्या. मला काम त्यांनीच शिकवलं. सतत हातात चिमटा असतो म्हणून माझं नाव चिमटा ठेवलं ते त्यांनीच. एकदा एका औषधाच्या कंपनीची वजनं आली होती. बाईंनी आकडा लिहिला आणि वही माझ्याकडे सरकवली. शेवटून दुसरा आकडा त्यांनी आठ लिहिला होता, खिडकीत तीन होता. तसं याआधी दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा मी हळूच सांगितलं होतं. त्या दिवशी साहेब मागे उभे होते. मी म्हणाले, "मी ह्यावर सही करणार नाही." बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं." तीन महिन्यांनी, एक वर्ष शिल्लक असताना, त्यांनी निवृत्ती घेतली. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले नाही. माझं वाचन चालू होतं आणि वाचन अर्ध्यात सोडायचं नसतं.

मंगळवारी दुपारी मी फोन लावला.

"हॅलो, बाई, मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण?"

"चिमटा."

"बोल गं."

"माझ्या मानेत इंजेक्शन द्यायचंय. सोबत कोणीतरी लागतं."

"कधी?"

"गुरुवारी. साडेआठला."

"दुसरं कोणी नाही?"

"नाही."

"म्हणून मला?"

"हो."

"निदान खरं तरी सांगतेस. उपाशीपोटी यायचंय का?"

"सहा तास आधीपासून काही खायचं नाही."

"मग मीपण खात नाही. तुझ्यासमोर बिस्किटाचा पुडा फोडायला बरं नाही वाटणार."

गुरुवारी त्या माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. मांडीवर कामावर आणायच्या तीच तपकिरी पिशवी. सिस्टरने फॉर्म पुढे केला तशी त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"मावशी, फक्त इथे सही करायची आहे," सिस्टर म्हणाली.

"न वाचता सही करणाऱ्यातली नाही मी. हिला विचारा."

मी खाली पाहिलं. म्हणजे पाहायचा प्रयत्न केला. खाली पाहिलं की दंडात कळ जायची.

वाचून झाल्यावर त्यांनी डॉक्टरांना अडवलं. "इथे लिहिलंय, आराम पडण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणजे किती?"

डॉक्टरांना हसू आलं, पण ते खुर्ची ओढून बसले. "माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा जणांना बरा उतार पडतो. बाकीच्यांना थोडा, काहींना अजिबात नाही. आता नीट ऐका दोघी. सुईत दोन औषधं असतात. एक बधिर करणारं. त्याने पहिले काही तास एकदम छान वाटेल. त्यावर भुलू नका. ते उतरलं की दुखणं परत येईल, एक-दोन दिवस आधीपेक्षा जास्तसुद्धा. दुसरं औषध स्टेरॉइड. ते सावकाश काम करतं. कोणाला तीन दिवस, कोणाला दोन आठवडे. त्याने नसेभोवतीची सूज उतरते. मणक्यातली सरकलेली चकती काही जागेवर जात नाही. व्यायाम करून मान सांभाळायला तुम्हाला थोडे महिने मिळतात, एवढंच. चेहरा लाल होईल, एखादी झोप उडेल, त्याला घाबरू नका. पण ताप आला, डोकं फुटल्यासारखं दुखलं, हातापायातली शक्ती गेली, तर फोन करत बसायचं नाही. थेट इकडे यायचं."

"हे सगळं लिहून द्या," बाई म्हणाल्या.

"दुसऱ्या पानावर आहे."

"ते वाचलं मी. तुमच्या तोंडून जुळतंय का बघत होते."

गाऊनच्या नाड्या त्यांनी बांधल्या. दोन गाठी, घट्ट, आणि पाठीवर एक चापट.

आत मला पालथं झोपवलं. तोंडाच्या जागी उशीला भोक होतं. त्यातून फरशीची एक चौकट आणि डॉक्टरांच्या बुटाचं टोक दिसत होतं. मानेवर काहीतरी गार फिरवलं. मग मुंगी चावावी तसं, मग थोडी आग, मग नुसता दाब. कोणीतरी आतल्या बाजूने अंगठा टेकवून हळूहळू वाढवत नेतंय असा दाब. तो दंडातून नेमका त्या सुन्न बोटापर्यंत गेला.

"हलू नका," डॉक्टर म्हणाले.

ते मला येतं. वाचन घेताना मी हलत नाही, श्वाससुद्धा थांबवते.

"अहो, श्वास घ्या. श्वासाला परवानगी आहे."

सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील. बाहेरच्या बेडवर आणल्यावर सिस्टरने विचारलं, "शून्य ते दहामध्ये आता किती दुखतंय?"

"दीड."

"पूर्णांकात सांगा हो."

"लहानपणापासून अशीच आहे ती," बाई शेजारून म्हणाल्या. त्यांनी माझं लहानपण पाहिलेलं नव्हतं. पण ते ऐकायला मला बरं वाटलं.

टॅक्सीने घरी आलो. दोन जिने चढताना बाई मधल्या चौकात थांबल्या, माझ्यासाठी की स्वतःसाठी कोण जाणे. खोलीत शिरून त्यांनी एकदा चौफेर पाहिलं.

"खुर्ची एकच?"

"हो."

त्या खुर्चीवर बसल्या, मी पलंगावर. चहा त्यांनीच केला. दुसरा कप नव्हता, म्हणून स्वतःचा चहा त्यांनी काचेच्या ग्लासात घेतला आणि पदराने ग्लास धरून फुंकत बसल्या. हात जड होता पण दुखत नव्हता. इतक्या महिन्यांनी दुखत नव्हता की तो माझा वाटेना.

"निरोपाच्या कार्यक्रमाला आली नाहीस," त्या म्हणाल्या.

"वाचन चालू होतं."

"कुठलं?"

"पाच किलोचं."

"पाच किलोचं वाचन चाळीस मिनिटांत होतं. कार्यक्रम दोन तास चालला." त्यांनी चहा संपवला. "तुझ्या वाटणीचा केक ठेवला होता मी. शेवटी शिपायाने खाल्ला."

दवाखान्याने चौदा दिवसांचा तक्ता दिला होता, रोज दुखण्याचा आकडा लिहायला. तो त्यांनी टेबलावर पसरला आणि विचारलं, "पट्टी आहे का?" मी पट्टी दिली. त्यांनी उजव्या समासात सरळ रेघ ओढून एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, पडताळणारा.

"फोनवरून कशा पडताळणार, बाई?"

"आवाजावरून. रोज सकाळी नऊला फोन करीन. सह्या शेवटी येऊन एकदम."

संध्याकाळी त्या गेल्या. माझ्या भिंतीवर तापमापी आहे, कामाची सवय म्हणून लावलेली. बंद खोलीत त्या दुपारभर बसून होत्या आणि पारा नेहमीपेक्षा अर्ध्या अंशाने वर होता. ही नोंद मी कुठे केली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान लाकडासारखी आणि गाल लालबुंद. ठीक नऊला फोन वाजला.

"आकडा?"

"सात."

"ताप?"

"नाही."

"डोकं?"

"नाही."

"उठून चहा केलास का?"

"करते."

"करते नाही. कर, मी धरून आहे फोन."

तिसऱ्या दिवशीही सात. चौथ्या दिवशी सहा. मी म्हटलं, "मी त्या उरलेल्या चौघांतली असेन." बाई म्हणाल्या, "अजून वाचन स्थिर झालेलं नाही. मध्येच पेटी उघडू नकोस." सहाव्या दिवशी चार. आठव्या दिवशी अंगठ्यात मुंग्या आल्या, म्हणजे तो परत आला. मी चिमट्याने टेबलावरची सुई उचलून पाहिली. उचलली गेली. पाच वेळा उचलली, पाचही वेळा.

फोनवरचं बोलणं आकड्यापुढेही जायला लागलं होतं. बाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "पुतणीने सही केली आणि गाडीत जाऊन बसली. तिलाही कामं असतात." दुसऱ्या डोळ्याचं राहिलं होतं. का राहिलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नऊला फोन यायचा, पण मी साडेआठलाच टेबलापाशी बसू लागले. दहाव्या दिवशी आकडा दोन झाला आणि मला आनंद व्हायला हवा होता. मी तक्त्यावरच्या रिकाम्या ओळी मोजल्या. चार.

अकराव्या दिवशी मी तीन सांगितलं. बाराव्या दिवशी तीन. तेराव्या दिवशी चार. आयुष्यात मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. एका आकड्यासाठी मी माझ्या शेजारचं माणूस घालवलं होतं. आणि आता मी चार लिहिलं, निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात. पुन्हा दुखायला लागलं तर डॉक्टर दुसरं इंजेक्शन देतात. दुसऱ्या इंजेक्शनला दुसरा तक्ता असतो.

चौदाव्या दिवशी बाई सह्या करायला आल्या. मी दुसरा कप विकत आणून ठेवला होता, फडताळात वरच्या फळीवर. तो काढता काढता मान वळवून म्हणाले, "आजही चारच आहे, बाई."

त्या भिंग काढून एकेक ओळ बघत सह्या करत गेल्या. दहाव्या ओळीनंतर पेन थांबलं.

"मी ह्यावर सही करणार नाही."

मी कप हातात धरून उभी होते.

"उजव्या हाताने वरच्या फळीवरून कप काढलास. मान मागे टाकून, माझ्याकडे वळून. चारवाल्या माणसाला हे जमत नाही. पहिल्या आठवड्यात चहाची पातेलीसुद्धा डाव्या हाताने उचलत होतीस, त्याची आदळआपट मला फोनवर ऐकू यायची. आकडा सांग."

"दोन. कधी कधी दीड."

"मग हे काय आहे?"

"तक्ता संपत होता."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला, त्या दिवशी पुसला होता तसाच. बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेन घे. नियम आठवतो ना?"

आठवत होता. चुकलेला आकडा खोडून काळा करायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, आणि दोघांच्या सह्या. मी चार ओळींत चार रेघा मारल्या. दोन, दोन, दोन, दोन. त्यांनी प्रत्येकापुढे सही केली. सही आता मोठी आणि जराशी तिरकी झाली होती.

चहा पिताना मी विचारलं, "दुसऱ्या डोळ्याची तारीख कधी आहे?"

"ठरवली नाही. सोबत लागते."

"मी येते."

"तुझं वाचन चालू असेल."

"अर्ध्यात सोडून येईन."

"मुळीच नाही," त्या एकदम कामावरच्या आवाजात म्हणाल्या. "पूर्ण करायचं आणि मग यायचं. चाळीस मिनिटं मी थांबेन." कप धुऊन पालथा घालून त्या गेल्या. तारीख घेईन असं म्हणाल्या नाहीत, घेणार नाही असंही नाही.

पंधराव्या दिवशी मी कामावर गेले. तळघरातल्या खोलीत फोन नेता येत नाही. झाकण उचललं, चिमट्याने वीस ग्रॅमचं नवीन वजन तराजूत ठेवलं, पेटी बंद केली आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहत बसले. भिंतीवर नऊ वाजले, वाजून गेले. आकडा थांबला. मी तो लिहिला, पहिल्या रकान्यात निळी सही केली आणि काळं पेन उचललं.

ते तसंच खणात ठेवून दिलं. दुपारी साहेबांनी वही पाहिली.

"अगं, दुसरा रकाना राहिला."

"राहिला नाही, साहेब. कोणी नव्हतं."

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही. आता ती कुठेही वळत होती.